सोनुबाईचा हिरवा ठिपका

आत्याचा फोन आला की तो उचलायचा नसतो. एकदा वाजू द्यायचा, ती कापते, मग आपण तिला एक रिंग द्यायची आणि आपणही कापायचं. झालं बोलणं. कळंबला आमच्या घरी चूल पेटली, चहाचं आधण उकळलं, आत्या सुखरूप आहे, एवढा सगळा मजकूर तिच्या एका रिंगमध्ये असतो. आणि मी खालापुरात उठले आहे, मलाही काही झालेलं नाही, हे माझ्या रिंगमध्ये. आत्या, आता बोलणं फुकट झालंय, दिवसभर बोललीस तरी कोणी काही मागत नाही, असं मी तिला कितीदा तरी सांगून पाहिलं. “फुकट हाय म्हनून काय तोंड वाजवत बसायचं?” असं म्हणून तिने विषय मिटवला.

ही सोनुबाई म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली. बाबा साजगावच्या कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून धपाटे घालण्यापर्यंत सगळं आत्यानेच केलं. पुढे बाबाही गेले. आता कळंबच्या कौलारू घरात ती एकटी. मागे वालाचा तुकडा, दारात शेवग्याचं झाड, आणि बोलायला शेजारची सुनिता. मी इकडे खालापुरात, टोलनाक्याच्या अलीकडच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. कळंबला इंटरनेटची बोंब आणि माझं सगळं पोट इंटरनेटवर, म्हणून ही ताटातूट.

मागच्या श्रावणात आत्या अंगणातल्या शेवाळावर घसरली आणि सुनिता पाणी भरायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाडबीड मोडलं नाही, पण मला ते ऐकून जेवण जाईना. मी तडक गेले आणि म्हटलं, पुरे झालं, आता माझ्याकडे चल. ती म्हणाली, “तुझ्या त्या डब्यात? खाली माती नाय, वर कौल नाय. मी काय लोनचं हाय बरनीत भरून ठेवाय?” दोघी एकाच हाडामासाच्या, त्यामुळे भांडण चांगलं दिवसभर चाललं. शेवटी संध्याकाळी ओटीवर पाय सोडून बसलेल्या आत्यानेच तोड काढली.

“सकाळी चूल पेटली का मी मिस कॉल देनार. ज्या दिवशी येनार नाय, त्या दिवशी येऊन घेऊन जा मला. हू की चू करनार नाय.”

“कबूल?”

“कबूल. पन तुझाबी उलटा आला पायजे. तुझा आला नाय, तर मी येऊन तुला घेऊन जानार.”

मी हसले आणि हो म्हटलं. तेव्हा वाटलं, हा करार मीच जिंकणार. म्हातारं माणूस, आज ना उद्या विसरेलच. पण दुसऱ्या दिवसापासून माझी गंमतच झाली. फोन वाजला नाही तर आत्या माझ्याकडे येणार, हे मला हवं होतं. आणि फोन वाजला नाही तर ती कुठेतरी पडलेली असणार, या विचाराने मी फोन हातात घेऊन बसायचे. रोज सकाळी मी हरायची वाट बघायचे, आणि हरले की देवाला हात जोडायचे.

आता माझं काम. पुण्यातली एक कंपनी आहे, ती थंड गाड्यांवर लक्ष ठेवते. मासळी, दूध, आइस्क्रीम, औषधं घेऊन ज्या गार डब्याच्या गाड्या रस्त्याने धावतात त्यांच्या. गाडी कुठे आहे, आत थंडी किती, दार कधी उघडलं, हे सगळं सांभाळणारी मशीनं क्लाउडवर असतात, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या गावात, कुणाच्यातरी मोठ्या खोलीत, माझ्यासारखीच भाड्याने. प्रत्येक मशीन आपण काय केलं, काय बिनसलं, ते ओळीओळीने लिहीत असतं. त्या ओळींना लॉग म्हणतात. अडचण अशी, की ज्याचा लॉग त्याच्यापाशी. काही बिघडलं की ओमकार, म्हणजे पुण्यात बसणारा माझा साहेब, विचारणार, “अक्षदा, कुठे अडलंय?” आणि मी जोगवा मागत हिंडल्यासारखी या दारातून त्या दारात. तोवर एखाद्या गाडीतल्या कोळंबीचं पाणी झालेलं असायचं.

म्हणून दिवाळीनंतर ठरलं, की सगळ्यांच्या ओळी एका जागी आणायच्या. हे काम माझ्याकडे आलं आणि मी हौसेने घेतलं. प्रत्येक मशीनवर एक लहानसा प्रोग्रॅम बसवला. मशीनने ओळ लिहिली रे लिहिली, की त्याने ती उचलायची आणि मधल्या मशीनकडे धाडायची. मधल्या मशीनने त्या साठवायच्या, चाळायच्या आणि माझ्या पडद्यावर दाखवायच्या. सगळं ठीक असेल त्याच्यापुढे हिरवा ठिपका, कुरबुर असेल तर पिवळा, पडलं तर लाल. लाल झाला की माझा फोन बोंबलणार.

ज्या सकाळी त्या सगळ्या ओळी पहिल्यांदा एकत्र वाहू लागल्या, ती सकाळ काही वेगळीच होती. बाहेर धुकं इतकं दाट, की एक्स्प्रेसवे दिसतच नव्हता, नुसता ऐकू येत होता. पडद्यावर ओळीमागून ओळ येत होती. पनवेलजवळ गाडी, दार बंद. खोपोलीजवळ गाडी, आत थंडी ठीक. मी कप हातात धरून बघत राहिले आणि चहा निवून गेला. धुक्यात एखादा ट्रक घरघरत जायचा आणि जरा वेळाने पडद्यावर एक ओळ उमटायची, खालापूर टोल, आत थंडी ठीक. तीच गाडी की दुसरी, कोण जाणे. मला ती तीच वाटायची. त्या पांढऱ्या धुक्यातून कुणीतरी न दिसता जातंय आणि जाता जाता मला सांगून जातंय, काळजी करू नको गं, असं वाटून मी खुळ्यासारखी हसत होते.

मग मला नादच लागला. सकाळी उठलं की पडदा उघडायचा आणि ओळींचं बोलणं ऐकत बसायचं. वाचायच्या नाहीत, ऐकायच्या. मशीनांना स्वभाव असतात, हे कामाच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं. एक मशीन दिवसातून एकदाच बोलायचं, तेही झोपेतून उठल्यासारखं. एक सारखं विचारायचं, पोचलं का, पोचलं का. आणि एक होतं हिशेब ठेवणारं, त्याची अखंड कुरकुर. जागा कमी आहे, उत्तर उशिरा आलं, पुन्हा प्रयत्न करतोय, पुन्हा केला, पुन्हा जमलं नाही. आमच्या आळीत जगदीशकाका म्हणून आहेत, त्यांना जेवणात मीठ बरोबर पडलं तरी तक्रार असते. मी त्या मशीनचं नाव जगदीश ठेवलं आणि त्याच्या बोलण्याकडे काणाडोळा करायला लागले.

एकदा मीटिंगमध्ये ओमकारने विचारलं, “सगळ्यांवर मधलं मशीन लक्ष ठेवणार, ते ठीक. मधल्यावर कोण ठेवणार?”

“मी आहे ना,” मी म्हटलं. असं म्हणताना माझी मान जरा ताठच होती.

या मीटिंगा व्हायच्या नेमक्या आत्याच्या चुलीच्या वेळेला. ओमकार काहीतरी समजावत असायचा, फोन एकदा वाजून गप्प व्हायचा, आणि मी म्हणायचे, हे संपलं की देते उलटी रिंग. मग राहून जायचं. आत्या दुसरी द्यायची, तिसरी द्यायची. एकदा तर माझी रिंग जाईपर्यंत ती लुगडं बदलून, पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली होती. सुनिताने ते मला नंतर हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. अशाने मी करार हरणार होते, आणि मी हरले तर आत्या कधीच इकडे येणार नव्हती.

तेव्हा मी अक्कल चालवली. माझं काम काय, तर माणसाने सारखं बघत बसायला नको म्हणून मशीन बसवणं. मग तेच घरी का नको? मी फोनमध्ये एक सोय केली. आत्याचा मिस्ड कॉल आला, की फोन ती खबर मधल्या मशीनकडे धाडणार. मधलं मशीन पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लावणार आणि फोनला उलट सांगणार, दे रिंग. फोन एक रिंग देऊन कापणार. मी मीटिंगमध्ये असो, आंघोळीला असो, नाहीतर झोपेत. ठरल्या वेळेपर्यंत आत्याची रिंग आली नाही, तर ठिपका लाल आणि फोनची बोंब. फोनचा आवाज मग सकाळच्या वेळी बंदच ठेवायला लागले, नुसती बोंब तेवढी मोकळी ठेवली. यादीत शेवटची ओळ लिहिली, सोनुबाई. जगदीशच्या बरोबर खाली.

ते इतकं छान चाललं, की मला माझंच कौतुक वाटायचं. सकाळी पडदा उघडला, की एक जगदीश सोडला तर सगळे ठिपके हिरवे, त्यात सर्वांत खाली आत्याचा. त्याच्याकडे बघितलं, की मला चुलीचा धूर दिसायचा, परसातल्या वालावरचं दहिवर दिसायचं, चहाच्या पातेल्यावर ठेवलेली तिची ती चेपलेली थाळी दिसायची. आत्या माझ्यापाशीच राहायला आलीय आणि पडद्याच्या कोपऱ्यात बसून वाल सोलतेय, असंच वाटायचं. पूर्वी मी दर रविवारी कळंबला जायचे. आता ठिपका हिरवा असायचा, मग म्हणायचे, पुढच्या रविवारी जाऊ. संक्रांतीला आत्याने कान्हाबरोबर निरोप धाडला, शेंगा भरल्या हायत, पोपटी लावू, ये. कान्हा म्हणजे आमच्या गावचा टेंपोवाला, कर्जतच्या बाजारात भाजी घेऊन जातो. मी म्हटलं, कामं आटोपली की येते. भांबुर्डीचा पाला घालून शेंगांचं मडकं जाळात लावलं, शेंगा शिजल्या, माझ्या वाटच्या शेंगा कान्हाने फडक्यात बांधून आणून दिल्या. मी त्या पडद्यासमोर बसून खाल्ल्या. भांबुर्डीच्या पाल्याचा वास दोन दिवस खोलीत राहिला होता.

त्यानंतरची ती सकाळ. धुकं पुन्हा तसंच, खिडकीच्या गजांना येऊन टेकलेलं. पडदा उघडला तर सगळं हिरवं. शेवटपर्यंत हिरवं, आत्यासुद्धा. जगदीशसुद्धा हिरवा, हे नवल होतं, पण मला बरंच वाटलं. आज मीटिंग नव्हती. ओमकार गावाला गेला होता. मी शाल ओढून खुर्चीत पाय घेतले आणि ओळींकडे बघत बसले. त्या हलत नव्हत्या, पण माझे डोळे अर्धे मिटलेले, आणि मला त्या हलतायत असंच दिसत होतं.

कधी डोळा लागला कळलं नाही. स्वप्नात मी आमच्या शेताच्या बांधावर होते. भात कापून झालेलं, खाचरात नुसती धसकटं, आणि बांधावर माझी सगळी मशीनं घोंगड्या पांघरून ओळीने बसलेली. तोंडं दिसत नव्हती. मी पुढून चालत चालत विचारत होते, आहेस का? प्रत्येक जण घोंगडीतून म्हणत होता, हाय. आहेस का? हाय. जगदीशपाशी आले, तर तोही नुसतं हाय म्हणाला, तक्रार नाही. शेवटच्या घोंगडीपाशी आले. आत्या, आहेस का? तीही म्हणाली, हाय. पण तो आवाज आत्याचा नव्हता. तो माझाच होता. मी घोंगडी उचलली, तर आत कोणी नाही, नुसतं धुकं. आणि कुठूनतरी लांबून आत्या माझं नाव घेऊन हाका मारत होती, अक्षेऽ, अगं अक्षेऽ, आणि दार वाजत होतं.

दार खरंच वाजत होतं.

उघडलं तर समोर कान्हा, आणि त्याच्या मागे, जिन्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आत्या. डोकीवरचा पदर धुक्याने ओला झालेला, तोंड उघडं, श्वास लागलेला. तिने मला नखशिखांत बघितलं. मग माझं कपाळ चाचपलं, दोन्ही दंड चाचपले, बाजारात कोंबडी बघतात तसे. आणि मग पाठीत असा एक धपाटा घातला, की शाळेतल्या दिवसांची आठवण झाली.

“जिती हाय,” ती कान्हाला म्हणाली. आणि तिथेच उंबऱ्यात बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

आत्याला मी बाबा गेले तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं.  मी पाणी आणायला धावले आणि पेला घेऊन उगीच तिच्यासमोर उभी राहिले.

कान्हा म्हणाला, “ताई, कर्जतला भाजी उतरवाय बी दिली नाय सोनुबायनं. सीटवर चढली ती बोलली, खालापूर. रस्ताभर काय बोलली नाय, नुसता फोन कानाला. तुमी ठीक हाव ना? मंग मी जातो, भाजी सुकंल.” आणि तो गेला.

पाणी पिऊन आत्या जरा ताळ्यावर आली. “चार डाव दिला मिस कॉल. येकबी उलटा नाय. म्हटलं, आता काय तरी झालंच. पयल्यासारकी तू असतीस, तर म्हटलं असतं, निजली आसंल, विसरली आसंल. पन दोन म्हयने तू येक दीस चुकली नवतीस. मी रिंग दिली का लगीच तुझी. चूल पेटली का तुझी. सगळ्या आळीला सांगत व्हते मी, माजी अक्षी लय बदलली, माज्यावर ध्यान असतं तिचं.”

मी पडद्याकडे बघितलं. सोनुबाई, हिरवा ठिपका. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ होती, ती काल संध्याकाळची. तेव्हापासून पडदा जिथल्या तिथे थिजलेला. मी मधल्या मशीनमध्ये शिरले, तर ते गळ्यापर्यंत भरलेलं होतं. जगदीशला काल खरोखरच काहीतरी दुखलं असणार. त्याने एकच तक्रार पुन्हा पुन्हा, अक्षरशः जागा संपेपर्यंत लिहून ठेवली होती, आणि त्याचा ठिपका पिवळा व्हायच्या आतच पडदा थिजला होता. मधल्या मशीनला नवी एक ओळसुद्धा ठेवायला जागा उरली नव्हती. आत्याची रिंग आली, फोनने धाडली, ती दारातूनच परत गेली. आणि मधलं मशीनच पडलं, तर बोंब मारणार कोण? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि तो मी माझ्या हाताने केला होता.

हे सगळं आत्याला सांगायची गरज नव्हती. नेट गेलं होतं म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण ती समोर बसली होती, ओला पदर, पायात दोन वेगवेगळ्या चपला, आणि अजून मधूनमधून माझा दंड धरून बघत होती. मला खोटं बोलवेना. मी सांगून टाकलं. रिंग मी देत नव्हते आत्या. मशीन देत होतं. तुझी रिंग आली तरी मला ऐकू येत नव्हती, मी फोनचा आवाजच बंद केला होता.

आत्याला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तिने विचारलं, “मंग येवढे दीस मी कुनाला रिंग देत व्हते गं?”

माझ्याकडे याचं उत्तर होतं. मधल्या मशीनला. पण ते तोंडातून काढलं असतं, तर मीच मला थोबाडीत मारून घेतली असती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. धुराचा वास होता लुगड्याला. तिने माझ्या केसांतून हात फिरवला नाही. पण मला उठवलंही नाही.

मग ती म्हणाली, “दाव बघू, काय बसवलंयस ते.”

मी तिला खुर्चीत बसवलं. ती वाकून ठिपके बघत राहिली.

“यातली मी कुटली?”

मी दाखवली. तिने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बोटाखाली तो पुरता झाकला गेला.

“येवढीशीच?”

“हो.”

“आनि हिरवी का?”

“ठीक आहेस, म्हणून.”

आत्या माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर एक अवघडल्यासारखं हसू आलं, चोरी पकडली गेल्यावर येतं तसं. “ठीक कुटली हाय? संक्रांतीनंतर ताप व्हता मला. चार दीस. चूल बी सुनितानंच पेटवली. पन रिंग मी हातरुणातनं दिली.”

“आत्या!”

“मंग काय करू? नसती दिली, तर तू येऊन उचलून नेली असतीस मला.”

 चार दिवस ती तापाने फणफणली होती आणि चारही दिवस इथे हिरवा ठिपका लागला होता, आणि मी त्याच्याकडे बघून चुलीचा धूर दिसतोय म्हणत होते. मला तिचा राग आला, माझा आला, आणि मग दोघींना एकदमच हसू फुटलं. कोण कोणाला फसवत होतं ते आता कशाला बघायचं, चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

हसणं संपल्यावर आत्या उठली आणि दोरीवर वाळत घातलेले माझे कपडे काढायला लागली.

“काय करतेस?”

“तुझी रिंग आली नाय. मी आले. आता चल. बोली म्हंजे बोली.”

“आत्या, तिथे नेट नाही. मी काम कसं करू?”

“आपल्या आळीतल्या इकासच्या रिसॉर्टात नेटची वायर आली. आपल्या शेवग्याला टेकूनच गेली हाय. त्यो बोलला, ताईला पायजे तर फांदीवरनं खाली घेतो. दोन म्हयने झाले. तू कदी आलीस तर सांगनार ना?”

 मी मधलं मशीन रिकामं करून पुन्हा चालू केलं. जगदीशला काय दुखत होतं ते या वेळी नीट वाचलं आणि दुरुस्त केलं. त्याची तक्रार खरी होती, आणि तो कितीतरी दिवस ती सांगत होता. ओमकारला फोन करून झालं ते सांगितलं. मधल्या मशीनवर लक्ष ठेवायला, त्याच्या बाहेर, वेगळ्या जागी, आणखी एक लहान मशीन ठेवू या म्हटलं. त्याने विचारलं, “त्याच्यावर कोण?” मी म्हटलं, “ती दोघं एकमेकांवर ठेवतील.” मग यादीतली शेवटची ओळ पुसली. दुपारी फोन करून बोलावलेला कान्हाचा टेंपो परत आला तेव्हा माझी बॅग, लॅपटॉप, आत्या आणि मी, सगळे खाली उभे होतो. धुकं विरून गेलं होतं आणि एक्स्प्रेसवेवरच्या गाड्या स्वच्छ दिसत होत्या.

विकासने दुसऱ्या दिवशी वायर खाली घेतली. पण मी सांगायला बसले ते त्याच्या आधीचं, कळंबमधल्या पहिल्या सकाळचं. मी ओटीवर निजले होते, गोधडी डोक्यावरून घेऊन. कौलांच्या फटीतून धूर बाहेर पडत होता, परसात वालावर दहिवर पडलं होतं, आणि हे सगळं माझ्या ठिपक्यात दिसायचं त्याच्यापेक्षा कितीतरी गार होतं. भिंतीपलीकडे आत्या फुंकणीने चूल फुंकत होती. फुंकणी थांबली. आणि उशापाशी फोन वाजला. पडद्यावर नाव, आत्या. सवय, दुसरं काय. चूल पेटली, की हात आपोआप फोनकडे जात असणार. ती आता कापणार, मग मी रिंग देणार, मी कापणार.

मी फोन उचलला.

 आत्याचा घाबरलेला आवाज, एकदा फोनमधून आणि एकदा भिंतीपलीकडून, “अगं, उचललास कशाला?”

“बोलायचं होतं,” मी म्हटलं.

 चुलीतलं लाकूड तडतडलं, तेही मला दोनदा ऐकू आलं.

“मंग बोल की,” आत्या म्हणाली, आणि तिने फोन कापला नाही.